दोघांचे गाणे

ऑपेरा गायक लुचानो पावारोत्तीच्या हातातला तो मोठा पांढरा रुमाल आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. १९९० साली फुटबॉलच्या विश्वचषकाच्या निमित्ताने रोममध्ये त्याच्यासह तीन टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष गायक, एकत्र गायले आणि त्या रात्रीपासून रुमाल जगाला पाठ झाला. तो त्याच्या हातात पहिल्यांदा आला मात्र फार वेगळ्या जागी. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात लिबर्टी नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या कॉलेजाने भरवलेल्या कार्यक्रमात १ फेब्रुवारी १९७३ रोजी पावारोत्ती आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने, फक्त पियानोबरोबर गायला. तोवर त्याचे सगळे नाव ऑपेरातले. अंगावर राजाचा किंवा सैनिकाचा पोशाख, मागे रंगवलेला पडदा, समोरच्या खड्ड्यात साठसत्तर वादक. इथे काहीच नाही. त्यात सर्दी झालेली. नाक पुसायला रुमाल घेतला आणि मोकळ्या हातांचे करायचे काय, हा प्रश्नही त्यानेच सोडवला.

एवढ्या मोठ्या गायकालाही ज्या प्रकाराने अवघडून टाकले, त्याची ओळख या पुस्तिकेत करून दिली आहे. एक ऑपेरा गायक, एक पियानोवादक, मायक्रोफोन नाही, नेपथ्य नाही, आणि एकामागून एक कविता. पुढच्या पानांवर अशा गायनसभांत नेहमी गायल्या जाणाऱ्या काही गीतांचा मराठी गद्यार्थ आहे. गद्यार्थच आहे, तो गाता येणार नाही. ऐकताना हातात असावा, एवढाच त्याचा उपयोग.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत बसून हे लिहिताना एक शंका समोरच उभी असते. हे मुंबईच्या नरिमन पॉइंटचे प्रकरण, आपल्याला काय त्याचे? तिथे ते होते, हे खरेच आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या एनसीपीए या कलाकेंद्रात पाश्चात्त्य संगीताची मोठी घडी बसली आहे. २००६ पासून तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. गिरगावजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि दुरुस्त होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा गायला बोलावले होते मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांना. त्या टेनर नव्हेत, सोप्रानो. म्हणजे बायकांचा उंच आवाज. त्यांचे पती मार्क ट्रूप पियानोवादक. ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून या दोघांनी भारतातल्या अनेक तरुण गळ्यांना हे गाणे शिकवले. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद त्याच शाळांतून शिकलेल्या गोवेकरांनी उभा केला. हे सगळे मान्य. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघाले की सकाळी मुंबई, तेही मान्य. तरीही माझे म्हणणे असे की, हे गाणे मुळात मोठ्या शहराच्या मोठ्या थिएटरासाठी जन्मलेलेच नाही. ते एका खोलीतल्या पंचवीसतीस माणसांसाठी जन्मले.

ही खोली व्हिएन्नातली. फ्रान्झ शूबर्ट (१७९७–१८२८) हा शाळामास्तरचा मुलगा, स्वतःही काही काळ शाळामास्तर. एकतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने सहाशेहून अधिक गीते रचली. मित्रांपैकी कुणाच्या तरी दिवाणखान्यात बैठक जमायची, शूबर्ट पियानोला बसायचा आणि गायला असायचा योहान मिखाएल फोगल. हा फोगल दरबारी ऑपेरातला नावाजलेला बॅरिटोन, शूबर्टपेक्षा तब्बल अठ्ठावीस वर्षांनी मोठा. रंगभूमी गाजवून उतरणीला लागलेला नट आणि ज्याचे नाव अजून व्हायचे आहे असा पोरगा. ऑपेरा गायक आणि पियानोवादक ही जोडी इथे तयार झाली. पुढे उन्हाळ्यात दोघे ऑस्ट्रियातल्या लहान गावांतून गात हिंडलेसुद्धा. शूबर्टने स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल आयुष्यात एकदाच केली, २६ मार्च १८२८ रोजी. तीनच दिवसांनी व्हायोलिनवादक पागानिनीची व्हिएन्नातली पहिली मैफल झाली आणि वर्तमानपत्रांना शूबर्टची आठवण राहिली नाही.

मराठी माणसाला हा प्रकार परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. ऑपेराशी आपले जुळते ते संगीत नाटकापुरते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले तेव्हापासून रंगमंचावर गाऊन गोष्ट सांगायची सवय आपल्याला आहे. या गायनसभेचे नाते मात्र आपल्या भावगीताशी आहे. आधी कविता, मग चाल, मग गळा. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ध्वनिमुद्रिकेवर आणली. कवी मेहकरचे, म्हणजे आपल्या शेजारच्या बुलढाण्याचे. गजानन वाटवे पेटी पुढे ओढून कवितांच्या मागून कविता गात आणि माणसे ऐकत. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचे पुस्तकच लिहिले. एका कवीची गीते एका धाग्यात ओवून सलग गायची, ही युरोपातल्यांची मोठी मिरवायची गोष्ट. बेटोव्हनने १८१६ मध्ये सहा गीतांची अशी माळ केली, शूबर्टने १८२३ मध्ये विसांची आणि १८२७ मध्ये चोवीसांची. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर आपण ‘गीतरामायण’ ऐकले. छप्पन गीते, कवी एक, संगीतकार एक! परभणी आकाशवाणी ऐकत वाढलेल्या माणसाने या गाण्यापुढे बिचकायचे कशाला?

मग फरक कुठे आहे? तो पियानोत आहे. भावगीतात कवितेचा अर्थ गळा सांगतो आणि वाद्ये त्याला सावरतात. कडव्यांच्या मधल्या जागा भरतात, फार तर वातावरण उभे करतात. इथे अर्धा अर्थ पियानोकडे असतो, आणि कधी कधी गायकाला जे माहीत नाही तेही पियानो सांगतो. हे एकदा ध्यानात आले की बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

उदाहरण म्हणून ‘एर्लक्योनिग’ घ्या. कविता जर्मन महाकवी गटेची, शूबर्टने चाल दिली १८१५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. रात्रीची वेळ, वारा सुटलेला, बाप आजारी मुलाला छातीशी धरून घोडा फेकत निघाला आहे. रानातला भुतांचा राजा मुलाला हाका मारतो आहे. त्या मुलालाच ऐकू येतात, बापाला नाही. गाणारा एकच आणि माणसे चार: निवेदक, बाप, मुलगा, भूत. पण पहिल्या क्षणापासून पाचवे कुणीतरी हजर असते. पियानोवादकाचा उजवा हात एकाच स्वरावर, सप्तक धरून, तीन-तीनच्या झपाट्याने आपटत राहतो. घोड्याच्या टापा म्हणा, मुलाच्या छातीतली धडधड म्हणा. चारेक मिनिटे हे थांबत नाही. मनगट भरून येते. खुद्द शूबर्टला ते जड जाई. त्याने हाताला सोपी अशी, तीनऐवजी दोन-दोन आघातांची एक प्रत करून ठेवली होती. भूत बोलू लागते तेव्हा हाच पियानो एकदम मऊ होतो, गोड होतो. लाडीगोडी लावणारा तो स्वर अंगावर काटा आणतो, कारण टापा ओळखीच्या असतात आणि आता त्या आपल्याला भुलवत असतात. मुलगा बापाला तीनदा हाक मारतो आणि प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीतून येते. शेवटी घोडा घराच्या अंगणात थांबतो. पियानो गप्प होतो. गायक शेवटची ओळ जवळजवळ बोलतोच, आणि मग दोन आघात. संपले.

शूबर्टच्या मित्रांनी हे गाणे इतर काही गीतांबरोबर १८१६ मध्ये गटेकडे पाठवले. महाकवीने पुडके उत्तराशिवाय परत धाडले. कवींना आपल्या ओळींवर दुसऱ्याने स्वार झालेले खपत नाही, हे जर्मनीत आणि वऱ्हाड-मराठवाड्यात सारखेच असावे.

सगळीच उदाहरणे इतकी नाट्यमय नसतात, आणि मला व्यक्तिशः शांत गीतेच अधिक मोलाची वाटतात. ‘विंटरराइझे’ या चोवीस गीतांच्या मालेतले पहिले गीत पाहा. प्रेमात नाकारला गेलेला तरुण बर्फाळ रात्री, कुणाला न उठवता, गाव सोडून निघतो. चाल पावलांची, एकसुरी, उदास. शेवटच्या कडव्यात तो झोपलेल्या मुलीच्या दारावर निरोपाचे दोन शब्द लिहितो, आणि तिथे शूबर्ट काय करतो? कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार आणतो. तेवढेच. चाल तीच, पावले तीच, आणि सगळे गाणे उजळून निघते. ते उजळणे उदासीपेक्षाही जास्त लागते. एका गंधाराने राग बदलतो हे ज्याच्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला ही जागा दाखवावी लागत नाही. या एका बाबतीत आपण युरोपातल्या साध्या श्रोत्याच्या दोन पावले पुढेच आहोत.

याच मालेतले चोविसावे, शेवटचे गीत आपल्या कानाला तर आणखीच जवळचे. गावाबाहेर एक म्हातारा अनवाणी बर्फावर उभा राहून हाताने फिरवायचे एक गरीब वाद्य वाजवतो आहे. त्याची थाळी रिकामी आहे, कुत्री गुरगुरताहेत, ऐकायला कुणी नाही. पियानोचा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच जोडी धरून बसतो: षड्ज आणि पंचम. हलतच नाही. तानपुरा! ज्या संगीताचा सगळा डोलारा बदलत्या स्वरसंवादांवर उभा, त्यातला एवढा मोठा कारागीर माणसाच्या एकाकीपणाच्या टोकाला पोहोचल्यावर संवाद सोडून देतो आणि एका स्थिर सुरावर येऊन बसतो. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी या पुस्तिकेतले हे एकच गीत ऐकले तरी चालेल.

जर्मन संगीतकार शूमानचे तंत्र वेगळे. १८४० हे त्याच्या लग्नाचे वर्ष. त्या एका वर्षात त्याने सव्वाशेहून अधिक गीते केली. त्यातलीच हाइनेच्या कवितांवरची सोळा गीतांची ‘डिश्टरलीबे’ टेनर मंडळींची फार लाडकी. तिचे पहिले गीत षड्जावर न येताच संपते. वाक्य अर्धवट सोडून कुणी उठून जावे तसे. आणि सोळाव्या गीतात गायकाचे शब्द संपल्यावर पियानो एकटाच पुढे वाजत राहतो. मिनिटभर, कधी त्याहून जास्त. बाराव्या गीतातली धून परत आणतो. गायक पियानोशेजारी नुसता उभा असतो. ऑपेरात टाळ्या घेण्याची सवय झालेल्या माणसाने हे मिनिट कसे काढले, यावरून मी त्याची पारख करतो. काही जण पुढच्या गाण्याचा विचार करत उभे राहतात, ते प्रेक्षकांतूनही दिसते. काही जण ऐकत असतात.

टेनरविषयी थोडे सांगायला हवे. पुरुषाच्या नैसर्गिक आवाजांतला हा सर्वात उंच प्रकार, पल्ला साधारण दोन सप्तकांचा. आपला गायक काळी एकमध्ये गात असेल तर तार पंचम लागला की दाद येते. टेनरचा तो प्रसिद्ध वरचा ‘सी’ याच हिशेबात अतितार षड्जाच्या जेमतेम एक पट्टी खाली पडतो. माईक नसताना तो वाद्यवृंदावरून मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो, यामागे नुसता जोर नसतो. कमावलेल्या गळ्यात सुमारे तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास एक जादा झळाळी तयार होते. वाद्यवृंदाचा मुख्य जोर त्याच्या बराच खाली, पाचशेच्या आसपास असतो, म्हणून आवाज वरून निसटून कानापर्यंत येतो. आपल्याकडे प्रा. बी. आर. देवधरांनी पाश्चात्त्य संगीत रीतसर शिकून घेतले आणि आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेतला. ऑपेरा हाऊसच्या परिसरातल्या त्यांच्याच शाळेत कुमार गंधर्व तयार झाले. ‘हे तर नुसते ओरडणे’ असे म्हणणाऱ्यांनी निदान देवधरांचा विचार करावा.

ओरडणे कधी कधी होते, हेही नाकारत नाही. थिएटर फोडायला कमावलेला आवाज खोलीत तसाच सोडला तर कविता मरते. चांगला टेनर गायनसभेत आपल्या आवाजाचा तीनचतुर्थांश भाग झाकून ठेवतो आणि व्यंजनांवर काम करतो. फ्रिट्झ वुंडरलिशचे ध्वनिमुद्रण मिळवून ऐका. ह्युबर्ट गीझनच्या पियानोबरोबर गायलेली त्याची ‘डिश्टरलीबे’ अजूनही बाजारात आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये, छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, जिन्यावरून पडून तो गेला. त्या गाण्यात कुठेही ‘पाहा माझा आवाज’ असे नाही. कार्यक्रमाच्या शेवटी नेपल्सची लोकप्रिय गाणी उंच सुरात फेकून टाळ्या गोळा करायची रीत आहे, ती मला फारशी आवडत नाही. पण टाळ्या पडतात, आणि गायकाला पोट आहे.

पियानोवादकाची उपेक्षा मात्र खरोखर संतापजनक होती. कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव बारीक अक्षरात, कधी कधी नाहीच. इंग्लंडच्या जेराल्ड मूरने आयुष्यभर वाजवून, लिहून आणि चेष्टा करून हे बदलले. २० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनला त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्या काळचे तीन थोर गायक त्याच्यासाठी गायले. शेवटी मूर एकटा पियानोला बसला आणि शूबर्टचे ‘आन डी मुझीक’, संगीताचे आभार मानणारे छोटे गीत, शब्दांवाचून वाजवून उठला.

पियानोत मींड नाही, श्रुती नाहीत, स्वर बारा समान तुकड्यांत कापलेले, असा आक्षेप जाणकार घेतात. बरोबर आहे. पण हाच आक्षेप पेटीवर होता आणि त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे पेटीला दार बंद केले होते. पेटीही युरोपातूनच आली. आज सेलूच्या पंचक्रोशीतला एकही सप्ताह पेटीवाचून पार पडत नाही. कान शिकतो.

एक ऐतिहासिक योगायोग इथेच नोंदवतो. एप्रिल १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने मिलानच्या हॉटेलात एन्‍रिको कारुझो या तरुण टेनरची दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. पियानोच्या जोडीने! त्याच वर्षी तोच गायसबर्ग कोलकात्याला पोहोचला आणि नोव्हेंबरात त्याने गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. जगाने टेनर घरात बसून ऐकायला सुरुवात केली त्याच वर्षी आपण आपले गाणे घरात बसून ऐकायला लागलो, आणि दोन्हीकडे कान लावून बसलेला माणूस एकच होता.

ऐकण्याच्या रीतीबद्दल दोन शब्द. आपल्या मैफलीत कलाकार बसल्यावर राग ठरवू शकतो; इथे प्रत्येक गीत आधी छापलेले असते आणि क्रम बदलत नाही. आपल्याला ‘वा’ आवरत नाही. इथे तो आवरावा लागतो, आणि गीतमाला असेल तर टाळ्याही शेवटपर्यंत राखून ठेवायच्या. सुरुवातीला जड जाते. पण दोन गीतांच्या मधली शांतताही रचनेचाच भाग आहे हे कळले की हात आपोआप मांडीवर राहतात. लहान मुलांना जरूर आणावे, फक्त ‘एर्लक्योनिग’ची गोष्ट आधी सांगून.

सेलूत असा कार्यक्रम व्हायचा तर अडचण एकच, पियानोची. मैफलीचा मोठा पियानो नऊ फूट लांब आणि जवळपास पाचशे किलो वजनाचा. आमच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर चढला की त्यातले लाकूड आणि तारा दोन्ही बोलू लागतात. पण शूबर्टचा पियानोही आजच्या मानाने हलका आणि लहानच होता. भरीव पट्ट्यांचा चांगला डिजिटल पियानो, शाळेचा एखादा कमी घुमणारा हॉल, पन्नास खुर्च्या आणि हिवाळ्यातली संध्याकाळ एवढे जमले तरी हे गाणे त्याच्या मूळ मापात होईल. दोन हजार खुर्च्यांच्या थिएटरात ते होत नाही.

आणखी एक मागणे आहे, ते संगीतकारांकडे. कवी बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ सालचा, सातोन्याचा. परतूरकडून रेल्वेने येताना सेलूच्या अलीकडे सातोना लागते. निजामाच्या राज्यात परभणीला नोकरी करता करता त्यांनी ‘आलाप आणि विलाप’मधल्या कविता लिहिल्या आणि १९५३ मध्ये, चाळिशीतच, ते गेले. ‘विंटरराइझे’चा कवी विल्हेल्म म्यूलर असाच तरुणपणी गेला. आपल्या शब्दांतली चाल ऐकणारा समानधर्मी कुणीतरी भेटेल, अशी आशा त्याने रोजनिशीत लिहून ठेवली होती. तो भेटला होता, पण म्यूलरला ते कळले असावे असे दिसत नाही. बी. रघुनाथांच्या सात-आठ कविता निवडून एक गळा आणि एक पियानो यांच्यासाठी कुणीतरी मराठी गीतमाला बांधावी. पेटीवर बांधली तरी हरकत नाही, फक्त वाद्याला कवितेतला अर्धा वाटा द्यावा. ती तयार झाली तर या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत पहिले पान तिचे असेल. तोवर वाचकांनी चोविसाव्या गीताचा गद्यार्थ वाचावा, मग ते गीत लावावे, आणि पहिल्यांदा ऐकताना लक्ष फक्त डाव्या हातावर ठेवावे.